सावूसावूतला नोव्हेंबर

पहिल्यांदा पावाला बुरशी येते.
मग चामड्याच्या पट्ट्याला, मग नकाशांना,
मग ओइस्तीनच्या चष्म्याच्या घराला.
कॅलेंडर बघावं लागत नाही,
होडीच्या पोटात हात घातला की कळतं
उन्हाळा कुठवर आलाय.

आग्नेयेचा वारा, सात महिने शिस्तीत येणारा,
गेल्या गुरुवारपासून बेपत्ता.
खाडी तेलासारखी पडून.
ओहोटीला काठावरचे कढत झरे उघडे पडतात
आणि बायका त्यांत पिशवीभर कसावा उकडत ठेवून
बाजार करून येतात.
दुपारी दोनला, छताखाली,
मला त्या कसाव्याची कणव येते.

ज्यांना जायचं होतं ते गेले.
न्यूझीलंडकडे नऊ होड्या, एकाच मंगळवारी,
भोंगे वाजवत,
उरलेले कांदे आणि अर्धा गॅस माझ्या पदरात टाकून.
जायचं की राहायचं, यावर आम्ही दर वर्षी भांडायचो.
यंदा भांडायला तो नाही.
त्याचा गुडघा बर्गनला, टाके घातलेला, उशीवर.

तेव्हा शिडं एकटीनेच उतरवली.
मोठं शीड पहाटे पाचला, वारा नसताना,
तरी ते अंगावर आलंच.
घडीतून पालीची दोन अंडी निघाली.
एक रिकामं.
दुसरं चहाच्या कपात ठेवलंय.

विलिकेसा बुडी मारून आला,
तोंडातली नळी काढून म्हणाला,
ठोकळा ठीक, साखळी ठीक,
एक कडी झिजून करंगळीएवढी उरलीय, उद्या बदलतो.
ठोकळ्याखाली ऑक्टोपस राहतो.
त्याला सांगून ठेवलंय.

पण वादळात नुसत्या साखळीवर कोण विसंबतो?
खाजणात शिरायचं, तिवरांना दोर बांधायचे,
आणि तिवरं कुणाची तरी असतात.
म्हणून यांगोनाच्या मुळ्यांची जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून
एपरामांच्या चटईवर जाऊन बसले.
का आलीस, त्यांनी विचारलं नाही.
जुडी हातात घेतली, बराच वेळ पुटपुटले,
पोकळ ओंजळीने टाळ्या वाजवल्या, दमदार, सावकाश,
मग नातवाच्या शाळेबद्दलच बोलत राहिले.
मी उठले तेव्हा म्हणाले,
तिसरं, वाकडं दिसतंय ना, ते घे.
माझ्या बापाने होड्या बांधबांधून वाकवलंय ते.
पण दोराखाली कापड घाल.
साल सोलवटली तर मला इथून दिसतं.

अंगणातला नीरफणस इतका लगडलेला
की फांद्या जमिनीला टेकल्या होत्या.
मी नुसतं तिकडे पाहिलं.
हो, ते म्हणाले,
गांधीलमाश्यांनी पोळंसुद्धा खालीच बांधलंय यंदा.
आणि मला दोन फणस दिले.

होडीवरचे टॉवेल हात लावताच फाटत होते.
शेवटी ओइस्तीनची जीन्स सापडली,
गुडघ्याला ठिगळ असलेली,
जी टाकायची म्हटली की तो दिवसभर गप्प बसायचा.
कात्रीने मधोमध कापली.
एक पाय तिसऱ्या तिवराला, एक पलीकडच्याला,
मी मांडीभर चिखलात,
कानांत, डोळ्यांत, तोंडात चिलटं.
वाकड्या खोडावर ठिगळ अगदी नेमकं बसलं.

रात्री त्याचा फोन.
तिकडे बर्फ भुरभुरतोय, पायात दोन-दोन मोजे.
गुडघा कसा आहे?
वाकत नाही, म्हणाला.
इथला वाकतो, मी म्हटलं.
त्याला कळलं नाही. मीही सांगत बसले नाही.

झोपण्यापूर्वी दाबमापकाच्या काचेवर टिचकी मारली.
एक हजार सहा. काल आठ होता.
काटा थरथरला आणि तिथेच राहिला.

डेकवर ओला पंचा अंगावर घेऊन पडले.
किनाऱ्यावर नीरफणस पडला, धप्प.
मग कुत्रं भुंकलं. मग काहीच नाही.
मतलई सुटलीच तर आधी समजावी
म्हणून एक पाय छताबाहेर ठेवला.